भूकंपमापकाला जात नसते!

२०२५ या एका वर्षात आशिया खंडाने निसर्गाचे तीन मोठे तडाखे सोसले. २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मंडाले शहर व परिसरात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. ३१ ऑगस्टच्या रात्री अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात ६.० तीव्रतेच्या भूकंपाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. नोव्हेंबरच्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळ श्रीलंकेवर आदळले, तेथे सहाशेहून अधिक लोक गेले. भूकंप झाल्याचे जगाला काही मिनिटांत कळले आणि वादळ तर उपग्रहांच्या डोळ्यांसमोरच वाढले. यंत्रांनी आपले काम चोख बजावले. प्रश्न यंत्राचा नाहीच. यंत्राकडून निघालेली खबर आणि खबरीमागून निघालेली मदत वाटेत कोणाच्या दारात थांबते आणि कोणाच्या दारात पोहोचतच नाही, हा खरा प्रश्न आहे. हा विषय शास्त्रज्ञांचा, आपला नव्हे, असे मानून आपल्या चळवळीने तो बराच काळ बाजूला ठेवला. तो आपला कसा आहे, हे आज पाहू.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील गोल्डन या गावी राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्र आहे. तेथे जगभरातील वर्षाला सुमारे २० हजार, म्हणजे दिवसाला पन्नास-पंचावन्न भूकंपांची नोंद होते. भारतात हे काम दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करते; त्याची दीडशेहून अधिक निरीक्षण केंद्रे देशभर पसरली आहेत. जगभर भूकंपमापकांचे जाळे विणले गेले ते माणसाच्या कळवळ्याने नव्हे. शीतयुद्धाच्या काळात शत्रूने जमिनीखाली अणुचाचणी केली तर ती पकडता यावी, म्हणून अमेरिकेने १९६० च्या दशकात सव्वाशेच्या आसपास केंद्रे उभारली. बॉम्बच्या भीतीपोटी पैसा निघाला आणि त्यातून भूकंपशास्त्राचे भले झाले. भीती कोणाची वाटते यावर सरकारी तिजोरी उघडते, हा नियम तेथेही आहे.

वादळांसाठी जगात सहा प्रादेशिक केंद्रे आहेत. मायामी, होनोलुलू, टोकियो, फिजीतील नादी, रियुनियन बेट आणि आपली नवी दिल्ली. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातील वादळांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी भारतीय हवामान खात्याकडे आहे. हे खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि पाठोपाठचे दुष्काळ होते.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. चक्रीवादळाचा अंदाज चार-पाच दिवस आधी देता येतो. भूकंपाचा दिवस आणि वेळ आजही कोणाला सांगता येत नाही. जो सांगतो तो एक तर ज्योतिषी असतो किंवा लबाड, आणि बहुधा दोन्ही. भूकंपाची जलद लहर पुढे धावते, नाश करणारी लहर तिच्या मागून येते. या दोहोंमधल्या काही सेकंदांचा उपयोग करून जपानने २००७ पासून जनतेला इशारे देण्यास सुरुवात केली. म्हणजे वादळ दिवस देते, भूकंप सेकंद देतो. वादळात जीव वाचतो तो रस्त्याने, वाहनाने आणि निवाऱ्याने. भूकंपात जीव वाचवते भिंत. आता रस्ता कोणाच्या वस्तीपर्यंत जातो आणि मजबूत भिंत कोणाला परवडते, हे प्रश्न कोणत्या शास्त्राचे आहेत? समाजशास्त्राचे!

२०१० साली दोन भूकंप झाले. १२ जानेवारीला हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा आणि २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ चा. चिलीतील भूकंपाने सोडलेली ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट होती. चिलीत मेले सुमारे सव्वापाचशे. हैतीत मृतांचा आकडा लाखाच्या वर गेला. तो नेमका किती, यावर वाद आहेत, कारण तेथे गरिबांच्या प्रेतांची मोजदादही धड झाली नाही. चिलीत बांधकामाचे नियम कडक होते आणि ते पाळले जात. गुलामगिरी उलथून स्वतंत्र झालेल्या काळ्या माणसांच्या देशाला मात्र फ्रान्सने १८२५ पासून पिढ्यान्‌पिढ्या स्वातंत्र्याची भरपाई मोजायला लावली. मारेकरी केवळ जमीन होती, असे कोण म्हणेल?

खबरीचीही हीच कथा. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. पंधराएक मिनिटांत हवाईच्या त्सुनामी केंद्राने पत्रक काढले, पण ते प्रशांत महासागराच्या देशांसाठी होते. हिंदी महासागरात अशी यंत्रणाच नव्हती. लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि त्या वेळात किनाऱ्यावर कोणीही कोणाला काही सांगितले नाही. चौदा देशांत सव्वादोन लाखांवर माणसे मेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादला आपले त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले, ही चांगली गोष्ट. पण नागापट्टिणममध्ये लाट ओसरल्यावर जे घडले, त्याला कोणते केंद्र पुरे पडणार? दलितांना वेगळ्या छावण्यांत काढले गेले, पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवले गेले. नुकसानग्रस्त म्हणजे मच्छीमार, असे समीकरण झाल्याने किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्या दलितांची नावे याद्यांतच आली नाहीत. आणि कुजलेली प्रेते उचलायला कोण आले? बाहेरगावांहून आणलेले सफाई कामगार, बहुतांश दलित! मदतीला विटाळ होता, प्रेताला नव्हता.

कुनारच्या भूकंपात हाच विटाळ दुसऱ्या वेषात दिसला. परक्या पुरुषाने स्त्रीला स्पर्श करायचा नाही, या दंडकामुळे ढिगाऱ्याखालच्या स्त्रियांना बाहेर काढायला पुरुष पथके कचरली, त्या मागे राहिल्या, अशा बातम्या जगभर छापून आल्या. स्त्रियांना शिक्षण आणि नोकरीतून हाकलल्यामुळे पथकांत स्त्रिया नव्हत्या. स्पर्शबंदीचे राज्य कसे असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. श्रीलंकेत दितवाने दरडी कोसळल्या त्या कँडी, नुवारा एलिया, बदुल्लाच्या डोंगरात. हा चहामळ्यांचा मुलूख. ब्रिटिशांनी तामिळनाडूतून नेलेले मजूर, ज्यांत दलित जातींचा मोठा भरणा होता, त्यांचे वंशज आजही तेथे उतारावरच्या लाइनींतील अरुंद खोल्यांत राहतात. वादळाचा मार्ग नकाशावर काढता येतो; या माणसांना त्या उतारावर कोणी नेऊन बसवले, ते त्या नकाशात दिसत नाही.

आता घरचे पाहू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पण लातूर-उस्मानाबादच्या गावांत दहा हजारांच्या आसपास माणसे गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता! वर्षभर आधीपासून, १९९२ च्या ऑक्टोबरात तर ठळकपणे, लोकांना हादरे जाणवत होते; नकाशा मात्र निर्धास्त होता. २००२ मध्ये तो सुधारला गेला, पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. माणसे मेल्यावर नकाशा शहाणा झाला.

किल्लारीत लोकांचा जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या जड छपरांनी. कुडाच्या, गवताच्या हलक्या घरांत राहणारे त्या मानाने वाचले, हे नंतर अभियंत्यांनीही नोंदवले. ज्यांना गावाने चिरेबंदी घर बांधू दिले नाही, गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यातील कित्येकांचा जीव त्या हलक्या छपराने वाचवला. यात समाधान मानण्यासारखे काही नाही. मेले ते आपलेच गावकरी होते, आणि ढिगारे उपसायला वाचलेले हातच धावले. पण पुढे काय झाले ते पाहा. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला, ५२ गावे नव्या जागी हलवायचे ठरले. घरे कोणत्या मापाने द्यायची? माणशी? कुटुंबातील डोक्यांप्रमाणे? नाही, जमिनीप्रमाणे! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरांच्या वरच्याला ७५०. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे सांगायला जनगणनेचे खंड उघडण्याची गरज नाही. भूकंपाने एका रात्रीत सर्वांना उघड्यावर आणून समान केले होते. सरकारने कागद-पेन्सिल घेऊन जुनी उतरंड मोजून-मापून पुन्हा उभी केली. नवी गावे वसवण्याची संधी शतकातून एखादी येते. त्या संधीत भूमिहीनाच्या वाट्याला त्याच गावातले सर्वांत लहान घर आले.

आपत्तीला धर्माचा मुलामा देण्याचीही येथे जुनी परंपरा आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळचा प्रचंड भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक. पण भौतिक घटनेला असे कारण चिकटवणे अविवेकी आहे, असा निषेध त्यांनी नोंदवला. टागोरांचा मुद्दा शास्त्राचा होता, तो बरोबरच होता. आपला मुद्दा आणखी एक आहे. पाप स्पृश्यांचे, मग त्या भूकंपात अस्पृश्य का मेले? आणि शिक्षा देण्याचे काम देवाने घेतले, तर कायद्याने काय करायचे? बुद्धाने कार्यकारणभाव शिकवला. कारण शोधा, ते दूर करा. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेब गेले ते धरणी हादरण्याची वाट पाहून नव्हे.

बाबासाहेबांनी निसर्गाच्या कोपाकडे कसे पाहिले, याचा पुरावा कागदावर आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर त्यांनी पूरनियंत्रण, वीज आणि सिंचन यांची सांगड घालणारी योजना हाती घेतली; त्यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला झालेल्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांचा विचार मांडला. ना यज्ञ, ना प्रार्थना. मोजमाप, अभियंता आणि शासनाची जबाबदारी.

त्याच ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास लोक मेले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. २०१९ च्या ‘फानी’ वेळी बारा लाख लोक हलवले गेले. सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पण फानीच्याच वेळी पुरी जिल्ह्यात काही दलित कुटुंबांना निवाऱ्यात थारा मिळाला नाही, अशाही बातम्या आल्या. म्हणजे उपग्रह, संगणक, भोंगा, सारे वेळेवर चालले. आणि शेवटी दारात उभ्या माणसाने जात विचारली.

महाराष्ट्र यापासून दूर नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचे इशारे दिवसेंदिवस येत असताना मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिला आणि सत्तरहून अधिक जण बुडाले. इशारा मिळाला होता. किनाऱ्यावर येण्याचा निर्णय कामगाराच्या हातात नव्हता. पालघरच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा आदिवासी पाड्यांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या.

कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ सांगते की, मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. तो करणाऱ्याला शिक्षा काय, हे मात्र त्या कलमात लिहिलेले नाही. त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती योजना तयार करणे बंधनकारक केले आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. ही योजना किती कार्यकर्त्यांनी उघडून पाहिली आहे? तिच्यात धोक्याच्या जागांची यादी असते. त्या यादीत आपली वस्ती आहे का? निवारा म्हणून कोणती इमारत दाखवली आहे, देवळाचे सभागृह की शाळा? भोंगा गावच्या चावडीवर आहे, त्याचा आवाज बौद्धवाड्यापर्यंत, पारध्यांच्या पालांपर्यंत, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपर्यंत जातो का? प्रत्येक आपत्तीनंतर मृतांची व मदत मिळालेल्यांची जातनिहाय संख्या जाहीर होते का? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी तहसीलला परवानगी मागायला आपण जातोच. पावसाळ्याच्या आधी त्याच टेबलावर हा दुसरा कागदही ठेवावा.