मागच्या सीटवरून पाहिलेली फटफटी



घरात कोणतीही जुनी वस्तू आली की ती आधी आपल्या नजरेखालून जाते. जुना पलंग आला तर फटीफटीत ढेकूण आहेत का ते आपण पाहतो. कुकर आला तर शिट्टी आणि रबर, कपाट आलं तर बिजागऱ्या. मग जुनी मोटरसायकल आली म्हणजे आपणच पदर सावरून बाजूला का उभ्या राहतो बरं? ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून? पण त्या गाडीवर मागे बसून सव्वादोनशे किलोमीटर जायचं असतं ते कुणाला?

आमच्याकडे उन्हाळ्यात थंडरबर्ड आली. बुलेट बनवणाऱ्या एन्फील्ड कंपनीचीच ही गाडी, लांबच्या प्रवासासाठी म्हणून २००२ साली निघाली आणि २०२० साली बंद झाली. म्हणजे आता मिळेल ती जुनीच. आमची २०१५ची. टाकी २० लिटरची, बैठक ऐसपैस, हॅन्डल उंच. आमच्या ह्यांना अमरावतीवरून चिखलदऱ्याला जायची हौस फार दिवसांची, आणि मुलं आता आपापल्या वाटेला लागलेली. गाडी दारात उभी राहिली तशी नंदनवनातली आमची अर्धी गल्ली जमली. जो तो म्हणे, “आवाज ऐका, आवाज!” आवाज होता खरा. मागच्या मालकानं सायलेन्सरच तसला बसवून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जगनाडे चौकापर्यंत एक फेरी मारायची ठरली. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसले. पदर कमरेला घट्ट खोचलेला होता, पण मांडीवरून खाली येणाऱ्या घोळाकडे लक्ष नव्हतं. चौक दिसायला लागला आणि पायाजवळ कुणीतरी साडी धरून ओढल्यासारखं झालं. मी ओरडले, ह्यांनी लगेच ब्रेक दाबला, वेग कमी होता म्हणून निभावलं. उतरून पाहते तो साडीचा काठ साखळीत गेलेला, वीतभर काळाकुट्ट, आणि चार बोटं चिरलेला. रस्त्यावर मला जी थरथर सुटली ती घरी येऊन चहा घेतला तरी थांबली नाही.

मग लक्षात आलं. ह्या गाडीची साखळी डाव्या अंगाला, आणि आपण बाया पाय सोडतो तेही डावीकडेच. मधे जाळी हवी, ती नव्हती. गाडी ‘छान दिसावी’ म्हणून मागच्या मालकानं ती काढून टाकली होती, साखळीवरचं पत्र्याचं झाकणही. ह्या जाळीला दुकानात ‘साडी गार्ड’ म्हणतात, त्यामुळे ती आपल्यासाठी केलेली मेहेरबानी वाटते. तशी ती नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३व्या नियमात स्वच्छ लिहिलंय : मागे बसणाऱ्याला धरायला हात असावा, पाय ठेवायला जागा असावी आणि मागचं चाक निदान अर्धं तरी झाकलेलं असावं, बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. ओढणीवाल्या मुलींनीही हे लक्षात ठेवावं, ओढणी तर साडीपेक्षा लवकर उडते.

त्या रविवारी मी ह्यांना सांगितलं, गाडीला पैसे लावायचे तर ह्या क्रमानं : आधी जे आपल्याला धरून ठेवतं ते, मग जे गाडीला चालवतं ते, आणि शिल्लक उरलीच तर चमकवणं. ह्यांना हे फारसं रुचलं नाही. ह्यांच्या मनात आधी नवी बॅग आणि जास्तीचे दिवे होते. पण त्या फाटक्या काठापुढे ते काही बोलू शकले नाहीत.

मेकॅनिक आमच्या ओळखीचाच, साधा मुलगा. मी स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसले तर म्हणतो, “काकू, तुम्ही काहून उन्हात बसता? मी करून देतो नं!” म्हटलं, तू कर, मी पाहते. मग मात्र त्यानं एकेक गोष्ट हौसेनं दाखवली.

जाळी आणि झाकण बसवल्यावर पहिली गोष्ट साखळीची. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची आणि इंजिन बंद. हे बंद म्हणजे बंदच. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरतं ठेवून साखळी पुसणारे लोक आहेत, आणि त्यांतल्या काहींची बोटं तेवढी नाहीत. चाक हातानंच फिरवावं. साखळीच्या खालच्या बाजूला मधोमध बोट लावून वर-खाली करून पाहावं. आमच्या गाडीला साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर ढील चालते, तुमच्या गाडीची माहितीपुस्तिकेत दिलेली असते. चाक थोडंथोडं फिरवून चार ठिकाणी पाहायचं, कारण जुनी साखळी एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. ‘घट्ट केली म्हणजे चांगली’ असं मात्र नाही. दोन माणसं आणि सामान बसलं की गाडीचं मागचं अंग खाली दबतं आणि साखळी आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर तुटायची वेळ येते. आणि मागच्या दातेरी चाकाजवळ साखळी बोटानं मागे ओढून पाहा. दातावरून अर्धीअधिक उचलली गेली, किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर साखळी आणि दोन्ही दातेरी चाकं एकदमच बदलायची. एकच बदलली तर जुनी नवीला खाते. आमची तिन्ही बदलावी लागली.

नव्या साखळीची निगा सोपी आहे. रॉकेल आणि मऊ ब्रशनं धुवायची, पेट्रोलनं कधीच नाही. कोरडी पुसून आतल्या बाजूला तेल सोडायचं. हे काम फेरी मारून आल्यावर करावं, साखळी कोमट असते तेव्हा तेल सांध्यात चांगलं उतरतं. वरचं जास्तीचं पुसून टाका, नाही तर धूळ चिकटते आणि साडीवर उडतं ते वेगळंच. पाचशे किलोमीटरला एकदा, आणि पाऊस लागला की घरी आल्याबरोबर.

दुसरी गोष्ट टायर, आणि इथे मी ह्यांना व मेकॅनिकला दोघांनाही मात दिली म्हणायला हरकत नाही. पुढच्या टायरची नक्षी चांगली खोल होती. “एकदम नवा आहे,” हे म्हणाले. पण टायरच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. डाळीच्या पाकिटावर तारीख शोधणाऱ्या बाईला ते सापडायला कितीसा वेळ लागतो? तिथे होतं १११५. म्हणजे २०१५ सालचा अकरावा आठवडा. गाडी आली तेव्हाचाच तो टायर! वाकून पाहिलं तर बाजूला टाचेला पडतात तशा बारीक भेगा. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात रबर उभ्याउभ्याही म्हातारं होतं, नक्षी झिजायची वाट पाहू नये. पाच-सहा वर्षं झाली की टायर जाणत्याला दाखवावाच.

हवा सकाळीच, टायर थंड असताना भरावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये काटा फसवतो. दोघं बसायचे असतील तर मागच्या चाकात थोडी जास्त, किती ते पुस्तिकेत पाहावं. आमच्या गाडीला तारांची चाकं आणि आत ट्यूब आहे, तेव्हा ट्यूब नसलेल्या टायरचं ते खुपसायचं पंक्चरचं सामान इथे उपयोगाचं नाही. एक जास्तीची ट्यूब बरोबर ठेवायची.

ह्या तारांची परीक्षा मला फार आवडली. उन्हाळ्यात आपण माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसंच. पेचकसाच्या टोकानं एकेका तारेवर हलकंच वाजवत जायचं. कसलेली तार खणकन वाजते, सैल असलेली बद्द. आमच्या मागच्या चाकात तीन बद्द निघाल्या. त्या मात्र स्वतः कसायच्या नाहीत, चाक वाकडं होतं. खडूनं खूण करून जाणत्याकडे द्यायच्या.

ब्रेकचं सांगते. हॅन्डलजवळच्या छोट्या डबीत ब्रेकचं तेल असतं. मागेही डिस्क ब्रेक असेल तर तिकडे दुसरी डबी. नवं तेल पातळ चहासारखं फिकट दिसतं, आमचं काढ्यासारखं झालेलं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. घाटात सारखा ब्रेक दाबून तो भाग तापला की त्या ओलाव्याची वाफ होते आणि दांडी स्पंजासारखी मऊ लागते, म्हणजे ऐन उतारावर ब्रेक निकामी. दर दोन वर्षांनी हे तेल बदलावं, झाकणावर जो प्रकार लिहिलेला असेल तोच घालावा, आणि थेंबही रंगावर पडू देऊ नये, रंग उतरतो. ब्रेकच्या पट्ट्या किती उरल्यात तेही त्याच वेळी पाहून घ्या.

इंजिनचं तेल बदलताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. आपण सुटं तूप वास घेतल्याशिवाय घेत नाही, मग पिंपातलं सुटं तेल का घ्यावं? डब्यावर मोटरसायकलसाठीची ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. मोटारीचं काही तेल इतकं निसरडं असतं की मोटरसायकलचा क्लच घसरायला लागतो, कारण आपल्या गाडीत क्लचही त्याच तेलात बुडलेला असतो.

बाकीची कामं एका दुपारची. स्पार्क प्लगचं टोक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी. हवेची गाळणी कागदी असेल तर धुवू नका, बदला. क्लचच्या तारेचा एकही धागा सुटला असेल तर ती तार बदला. पेट्रोलच्या नळीला चिरा पडल्या असतील तर तीही, कारण हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं बनलेलं नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुकटी जमली असेल तर आधी ऋण बाजूची तार सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसावं, कोरडं करून वरून व्हॅसलीनचं बोट फिरवावं. पाण्याची बॅटरी असली तर त्यात नळाचं पाणी घालू नये, विकतचं शुद्ध पाणीच घालावं. बादलीवर पांढरा थर बसवणारं आपलं पाणी बॅटरीला कसं सोसेल?

सायलेन्सर मूळचा बसवला. मोठ्या आवाजाचा तो कायद्यात बसत नव्हता आणि शेजारच्या आजींच्या दुपारच्या झोपेतही. गल्लीतली पोरं हळहळली.

ह्या सगळ्याची मी एक वही केली आहे, दुधाच्या हिशेबाच्या वहीसारखीच. तारीख, किलोमीटर, काय बदललं. हे हसले होते, आता स्वतःच लिहितात.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. पहाटे हवा तपासली, दोघांची आयएसआय खुणेची हेल्मेटं, माझा अंबाडा मानेवर खाली बांधलेला, कारण वर बांधला तर हेल्मेट नीट बसत नाही. साडी मी घरीच ठेवली, सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसले. लांबच्या रस्त्याला एका बाजूला बसणं मला आता पटत नाही, चालवणाऱ्याचा तोल सारखा एकीकडे जातो. कोंढाळीला चहासाठी थांबलो तेव्हा सामानाची दोरी पुन्हा आवळली, पहिल्या तासात ती सैल होतेच. परतवाड्याच्या पुढे घाट लागला. ब्रेकची खरी कसोटी परतीच्या दिवशी उतरताना होती. हे खालच्या गिअरमध्ये, ब्रेक अधूनमधून दाबत, सावकाश उतरले. मी मागून एकदाही “जरा हळू” म्हटलं नाही, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली त्यात हे पहिल्यांदाच घडलं असं ह्यांचं म्हणणं आहे.

जाता जाता त्या साडीबद्दल. काळ्या तेलाचा डाग पडला तर घाईनं पाण्यात टाकू नका आणि डाग निघेपर्यंत इस्त्री तर मुळीच नको, उष्णतेनं तो पक्का होतो. आधी वरचं ग्रीस चमच्याच्या कडेनं खरवडून काढा. डागाखाली जुना टॉवेल ठेवून वरून टाल्कम पावडर भरपूर टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झटकून भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब डागावरच बोटानं चोळा, अर्ध्या तासानं गार पाण्यानं धुवा. सुती साडीचा डाग दोन-तीन वेळा केल्यावर निघतो. रेशमी असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर करून पाहा. माझा डाग बराचसा गेला. चिरलेल्या काठावर मी आतून पट्टी लावून घेतली आहे.