तुम्हाला तपासणाऱ्या 'पीए'ने शरीररचनाशास्त्र ऑनलाइन शिकले असेल तर?

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या अनेक आईवडिलांना हा अनुभव येतो. खोकला, ताप किंवा वाढलेल्या रक्तदाबासाठी दवाखान्यात जावे, तर तपासायला डॉक्टरऐवजी 'पीए' येतात. त्या प्रश्न विचारतात, तपासतात, औषध लिहून देतात. घरी आल्यावर प्रश्न पडतो की या नेमक्या कोण आणि किती शिकलेल्या? त्यातच पीए अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी लागणारे विषय आता अनेक विद्यार्थी ऑनलाइन पूर्ण करतात, हे कानावर आले की शंका आणखी वाढते.

थोडक्यात उत्तर असे: प्रवेशाआधीचा एखादा विषय ऑनलाइन शिकला, एवढ्यावरून कोणी कच्चे ठरत नाही. रुग्णाची सुरक्षितता त्यानंतरच्या टप्प्यांवर अवलंबून असते.

पीए म्हणजे कोण?

पीए म्हणजे 'फिजिशियन असिस्टंट'. अमेरिकेतील त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारले, पण जुने नावही अजून सर्रास वापरले जाते. डॉक्टरांची टंचाई जाणवत असताना, १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले विद्यार्थी होते. म्हणजे रुग्णसेवेचा अनुभव असलेल्या माणसाला कमी काळात नेमके वैद्यकीय शिक्षण द्यायचे, ही कल्पना सुरुवातीपासूनच या पेशाच्या मुळाशी आहे.

पीए हे एमडी डॉक्टर नसतात आणि ते परिचारिकाही नसतात. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करून ते डॉक्टरांच्या चमूत काम करतात. अमेरिकेतील पन्नासही राज्यांत त्यांना औषधे लिहून देता येतात.

प्रवेशाआधीचे विषय ऑनलाइन का?

पीए महाविद्यालयात अर्ज करण्यासाठी पदवी लागते आणि काही ठरावीक विषय आधी पूर्ण केलेले असावे लागतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र हे त्यांतले नेहमीचे. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शेकडो, कुठे हजाराहून अधिक तासही मागतात.

अर्ज करणाऱ्यांमध्ये रुग्णवाहिकेवर काम करणारे, दवाखान्यात मदतनीस असणारे, दुसऱ्या पेशातून आलेले, लहान मुले सांभाळणारे असे अनेक जण असतात. दिवसा काम करून महाविद्यालयात बसणे त्यांना जमत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे सगळेच वर्ग ऑनलाइन गेले आणि अनेक महाविद्यालयांना असे गुण मान्य करावे लागले. त्यानंतर काहींनी ती सवलत कायम ठेवली, तर काहींनी प्रयोगशाळेचे विषय पुन्हा प्रत्यक्षच हवेत असा नियम केला.

आता खर्चाचा मुद्दाही आला आहे. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्वीचे 'ग्रॅड प्लस' सरकारी कर्ज मिळणार नाही. साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर, तर 'व्यावसायिक' पदवीसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर अशी मर्यादा ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या समितीपुढे आलेल्या 'व्यावसायिक' पदव्यांच्या यादीत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण होते, पीए नव्हते. पुढचे शिक्षण महाग होणार असेल, तर आधीचे विषय नोकरी न सोडता आणि स्वस्तात पूर्ण करण्याकडे विद्यार्थ्यांचा कल वाढणे स्वाभाविक आहे.

ऑनलाइन शिकून काय येते, काय येत नाही?

संख्याशास्त्र, मानसशास्त्र, वैद्यकीय परिभाषा हे विषय पडद्यावर चांगले शिकता येतात. व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, हा फायदाच आहे.

शरीररचनेचे तसे नाही. स्नायू, नसा, रक्तवाहिन्या एकमेकांना कशा बिलगून असतात, हे चित्रात सपाट दिसते आणि प्रत्यक्षात वेगळे जाणवते. सूक्ष्मजीवशास्त्रात जंतू वाढवताना निर्जंतुकता कशी पाळायची, हे हातांना वळण लागल्याशिवाय येत नाही. काही संस्था घरी प्रयोगाचे साहित्य पाठवतात. तेही उपयोगी पडते, पण चूक होताना पाहून तिथल्या तिथे सुधारणारे शिक्षक शेजारी नसतात. ऑनलाइन परीक्षेत उत्तर नक्की कोणी लिहिले, ही शंकाही राहतेच. म्हणूनच अनेक महाविद्यालये संख्याशास्त्र ऑनलाइन चालवून घेतात, पण प्रयोगशाळेच्या विषयांबाबत कडक राहतात.

खरी गाळणी पुढे असते

प्रवेशाआधीचे विषय हे दार आहे. आत गेल्यावर विद्यार्थ्याला शरीररचना, रोगशास्त्र, औषधशास्त्र पुन्हा आणि अधिक खोलात शिकावे लागते. पाया कच्चा असेल तर त्याचा पहिला फटका विद्यार्थ्यालाच बसतो.

त्यानंतर सुमारे दोन हजार तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काम करावे लागते. कुटुंबवैद्यक, अंतर्गत वैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि तातडीची सेवा अशा विभागांतून विद्यार्थी फिरतात. येल विद्यापीठाने २०१८ मध्ये पीएचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्यातही रुग्णांमधले प्रशिक्षण प्रत्यक्षच ठेवले होते.

अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मान्यता असावी लागते. शेवटी 'पॅन्स' ही राष्ट्रीय परीक्षा असते, ३०० प्रश्न आणि पाच तास. ती उत्तीर्ण झाल्यावर राज्याचा परवाना मिळतो. पुढेही दर दोन वर्षांत १०० तासांचे शिक्षण आणि दहा वर्षांच्या चक्रात पुन्हा मूल्यमापन असते.

या व्यवस्थेतही एक मर्यादा आहे. 'पॅन्स'मध्ये पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. पोट दाबून पाहणे, टाके घालणे, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे हे तिथे मोजले जात नाही. ते प्रशिक्षणाच्या काळात कोणी किती नीट शिकवले, यावर ठरते. त्यामुळे रुग्ण म्हणून काळजी करायचीच असेल तर ती 'रसायनशास्त्र कुठे शिकलात' याची नको. नव्या पीएच्या पाठीशी अनुभवी डॉक्टर आहेत का, याची करा.

मग भारतात ऑनलाइनला बंदी का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र हे विषय त्यात येतात. त्यामागे २०२१ चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा आहे. या कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएटही आहेत, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांची अट आहे.

अमेरिका ऑनलाइन चालवून घेते आणि भारत बंदी घालतो, हे वरवर उलटे वाटते. पण दोन्हीकडे प्रश्न वेगळा आहे. तिथे ऑनलाइन झालेला विषय हा प्रवेशाआधीचा असतो आणि त्यानंतर मान्यता, प्रशिक्षण, परीक्षा, परवाना अशा गाळण्या आहेत. आपल्याकडे अनेकदा पदवी हीच एकमेव गाळणी राहिली आहे. पदवी हातात आली की पाटी लावून आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक म्हणून बसता येत असेल, तर ती पदवी प्रत्यक्ष प्रशिक्षणाशिवाय मिळणे रुग्णाला धोक्याचे आहे. म्हणून आपल्याकडची बंदी योग्य वाटते. मात्र नोंदणीची व्यवस्था प्रत्येक राज्यात नीट चालू झाल्याशिवाय एवढ्या बंदीने काम भागणार नाही.

घरात कोणी पीए होऊ पाहत असेल तर

- पैसे भरण्याआधी ज्या महाविद्यालयांत अर्ज करायचा, त्या प्रत्येकाचा नियम वाचा. एकाला चालते ते दुसऱ्याला चालत नाही.
- प्रयोगशाळेचे विषय शक्यतो प्रत्यक्ष वर्गात करा.
- विषय मान्यताप्राप्त विद्यापीठाचाच असावा. केवळ प्रमाणपत्र देणारे संकेतस्थळ उपयोगाचे नाही.
- विषय फार जुना असेल तर काही ठिकाणी तो पुन्हा करावा लागतो.
- भारतात झालेल्या शिक्षणाचे अधिकृत मूल्यांकन अनेक ठिकाणी मागतात. त्याला वेळ लागतो, ते आधी सुरू करा.

रुग्ण म्हणून काय विचाराल?

- "तुम्ही डॉक्टर आहात की पीए?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो तुमचा हक्क आहे.
- अमेरिकेत राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना तपासता येतो.
- त्रास गुंतागुंतीचा असेल, औषधाने फरक पडत नसेल किंवा निदान पटत नसेल, तर "डॉक्टरांशी बोलता येईल का?" असे विचारा.
- सध्या चालू असलेली सगळी औषधे, भारतातून नेलेली आयुर्वेदिक औषधेसुद्धा, यादी करून दाखवा.
- छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे अशा वेळी समोर कोण तपासणार याचा विचार करत बसू नका. अमेरिकेत ९११ वर फोन करा, भारतात ११२ किंवा १०८ वर.