कॅबिनेट घेताना दिव्यांना भुलू नका

घरीच पीसी जोडायचं ठरवलंय? मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर महिनाभर चर्चा होणार. कॅबिनेट मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, रंगीत दिवे बघून घेतलं जातं!

दिवे राहू द्या, आधी पुढची बाजू बघा. जाळी आहे की सपाट काच? बहुतेक कॅबिनेटमध्ये पंखे पुढून हवा आत ओढतात आणि मागून, वरून बाहेर टाकतात. पुढे काच असली की हवेला कडेच्या फटीच उरतात. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर गेली, तर पंख्यांच्या जोरावर आतलं तापमान त्याखाली येणार नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे महागड्या प्रोसेसरचे पैसे वाया. काच हवीच असेल तर बाजूला असू द्या.

मग मापं. एटीएक्स मदरबोर्ड 305 बाय 244 मिमी, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त 244 बाय 244. पण खरं फसवतं ते ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांची कित्येक कार्डं 300 मिमीच्या पुढे जातात. कॅबिनेटच्या माहितीत कार्डची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती ताडून बघा.

जाळीमागचा धुळीचा फिल्टर काढून धुता यायला हवा. स्वस्त कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड चालवू नका, तो वेगळा आणि चांगला घ्या. आणि दुकानातून घेत असाल तर बाजूचं झाकण उघडायला सांगा, आतल्या पत्र्याच्या कडांवरून हलकेच बोट फिरवा. कडा बोचत असतील तर दुसरं दाखवायला सांगा.