एक बाई लागते!

"ताई, टीमला एक बाई लागते, येता का?" मागच्या हिवाळ्यात सकाळी पळायला येणाऱ्या तिघांनी विचारलं. सह्याद्रीतली शर्यत: पळणं, सायकल, होडी, दोरावरून उतरणं. मी नुसती हौसेने पळणारी. तरी गेले.

नियम जुनाच. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये भरलेल्या 'रेड गोलवाज' शर्यतीतही पाच जणांत किमान एक स्त्री हवी होती. आज जागतिक मालिकेत चौघांचा मिश्र संघ लागतो आणि तो बहुतेकदा तीन पुरुष, एक बाई असाच भरतो. 'किमान एक' म्हणजे 'एकच', हे गणित आम्हाला कमिट्यांवर बसून पाठ आहे.

चढावर मी मागे नव्हते, तरी न विचारता माझी सॅक काढून घेतली. पाळी चालू होती. वाटेत कुठे आडोसा नाही. आयोजक म्हणाले, "तेवढं चालवून घ्या."

होडीत मात्र पाय लटपटले. लाइफ जॅकेट होतं, पण मला पोहता येत नाही. भाऊ पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकला. मी काठावर त्याचे कपडे धरून बसायची. सायकल बाराव्या वर्षी बंद झाली. आणि रात्री आमचे वीर म्हणतात, "बायकांना पाण्याची भीती उपजतच!" उपजत? १९२८च्या ऑलिम्पिकनंतर आठशे मीटर पळणं बायकांना झेपत नाही म्हणून ते १९६०पर्यंत बंद ठेवलं होतं. तेही उपजतच असणार!

सध्या वस्तीतल्या दोघींबरोबर पोहायला शिकते आहे. तलावावर बायकांची वेळ दुपारी बारा ते एक. धुणीभांडी करणारीने यायचं कधी, असा अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही.