‘एव्हरीवन’चा फोल्डर

देगलूरच्या बऱ्याच ऑनलाइन सेंटरांत कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो. तोच ‘सर्व्हर’. त्यातला एक फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेला; परवानगी ‘एव्हरीवन’ला, तीही ‘फुल कंट्रोल’. पीकविम्याच्या गर्दीत आधार कार्डं, पासबुकं, सातबारे स्कॅन होऊन त्यात पडतात आणि वर्षानुवर्षं पडूनच राहतात. पासवर्डची कटकट नाही म्हणून सगळे खूश.

विंडोजची ही देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलवर चालते. त्याची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी-१, १९८०च्या दशकातली, नेटवर्कवरचा प्रत्येक जण घरचाच असं धरून चालणारी. तिच्यातलं भगदाड बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ला दिला. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांना मे महिन्यात वॉनाक्राय या मालवेअरनं गाठलं. २७ जूनला आला नॉटपेट्या हा दुसरा मालवेअर. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. पॅच टाकलेली मशीनंही त्यातून सुटली नाहीत. एका मशीनमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाती लागला की तोच वापरून तो शेजारच्या मशीनमध्ये घुसत होता. म्हणजे नुसत्या अपडेटवर भागत नाही, कुणाला किती अधिकार दिलेत तेही बघावं लागतं.

त्याच वर्षाअखेर विंडोज १०च्या नव्या इन्स्टॉलमधून एसएमबी-१ गेलं. मग जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये येईना. असं झालं की मेकॅनिक येतो, ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी-१ वर टिक करतो, वर फायरवॉलही बंद करून टाकतो. स्कॅन सुरू, पैसे वसूल! फायली पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीवर, एफटीपीवर जा म्हणावं, तर साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं.

खरी दुरुस्ती जवळपास फुकट आहे. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचं लॉगिन, आणि तेही अ‍ॅडमिनचं नको. स्कॅनरसाठी वेगळा युजर. त्याला एकाच फोल्डरात लिहिण्याची मुभा. शेअरची परवानगी आणि डिस्कवरची एनटीएफएस परवानगी, दोन्ही तपासायच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतली कडक असेल तीच लागू होते. गिऱ्हाइकाचं काम झालं की स्कॅन पुसायचं.

सेंटरच्या तपासणीला येणारे साहेब दरफलक लावलाय का ते बघतात. त्याच फेरीत त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजही उघडून बघाव्यात.