परीक्षकाचा कान

वादविवाद हा शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे भांडण उभे राहते. परंतु भारतातील प्राचीन न्यायशास्त्राने ह्या दोहोंतील भेद फार पूर्वीच ओळखला होता. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढण्यापुरती होते ती वितंडा. शाळेच्या स्पर्धेत जिंकण्याची इच्छा असणारच; म्हणून ती जल्पाकडे झुकण्याचे भयही असतेच. तिला वादाच्या पातळीवर ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः परीक्षकाची असते.

ही जबाबदारी अलीकडे अधिक अवघड झाली आहे. १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली जागतिक शालेय वादविवादस्पर्धा २०२० साली मेक्सिकोत भरावयाची होती. कोरोनाच्या साथीमुळे प्रवास थांबला आणि ती इंटरनेटच्या साहाय्याने ऑनलाइन घ्यावी लागली. अशा स्पर्धांचा एक लाभ निर्विवाद आहे. ज्या शाळेला प्रवासाचा खर्च झेपत नाही, तिच्या मुलांनाही दूरच्या मुलांशी वाद करता येतो. मात्र दार सर्वांसाठी उघडले, म्हणजे आत सर्वांना सारखे आसन मिळाले, असे नव्हे.

सभागृहात सर्वांच्या डोक्यावर एकच छप्पर असते आणि भिंतीवर एकच घड्याळ असते. पडद्यावरील सभेत तसे नसते. जुलै महिन्यात मुंबईत सायंकाळचे ६ वाजलेले असतात, तेव्हा कॅनडातील टोरोंटोत सकाळचे साडेआठ, तर न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली असते. एक वक्ता शांत खोलीत उत्तम यंत्रापुढे बसतो. दुसऱ्याच्या हाती घरातला एकुलता एक मोबाइल असतो आणि शेजारी धाकटे भावंड रडत असते. जागतिक स्पर्धेत भाषणाला १०० गुण असतात. त्यांपैकी ४० आशयाला, ४० शैलीला आणि २० व्यूहरचनेला दिले जातात. शैलीच्या ४० गुणांपाशीच परीक्षकाची खरी कसोटी लागते. आवाजातील चढउतार वक्त्याचा असतो. आवाजातील खरखर यंत्राची असते. वक्त्याची चूक वक्त्याच्या खाती मांडावी. यंत्राची चूक त्याच्या खाती मांडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

समजा, गृहपाठ बंद करावा की नाही, ह्यावर वाद चालला आहे. एक मुलगी म्हणते, “ह्याचे दुसरे कारण असे की...” आणि तिचा आवाज तुटतो. तो परत येतो, तेव्हा ती म्हणत असते, “म्हणून हा ठराव मान्य करता येत नाही.” अशा वेळी कठोर परीक्षक म्हणेल, “जे ऐकू आले नाही, ते बोललेच गेले नाही.” दयाळू परीक्षक मधले वाक्य आपल्या मनाने जुळवून घेईल आणि गुण देईल. वरवर पाहता दुसरा अधिक भला वाटतो. परंतु चुकतात दोघेही. पहिला मुलीवर अन्याय करतो, तर दुसरा प्रतिपक्षावर. कारण जो मुद्दा प्रतिपक्षाने ऐकलाच नाही, त्याला त्याने उत्तर द्यावे कसे? न्यायाचा मार्ग साधा आहे. परीक्षकाने तत्काळ भाषण थांबवावे, घड्याळ थांबवावे, शेवटचे ऐकू आलेले वाक्य सांगावे आणि तेथून पुढे बोलावयास सांगावे. हा नियम स्पर्धेपूर्वीच जाहीर व्हावा आणि दोन्ही पक्षांना सारखाच लागू असावा.

ह्याने वेळ जातो आणि भाषणाची लय मोडते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. परंतु ८ मिनिटांच्या भाषणासाठी मुलांनी कित्येक दिवस तयारी केलेली असते. तिच्यापुढे दोन मिनिटांचा खोळंबा काही मोठा नव्हे.

परीक्षकाच्या प्रामाणिकपणाचीही येथे परीक्षा होते. सभागृहात त्याच्यावर शेकडो डोळे रोखलेले असतात. घरी त्याला पाहणारे कोणी नसते. भाषण चालू असता दुसरे काही वाचण्याचा मोह होतो. कधी त्याचेच इंटरनेट खंडित होते आणि अर्धे भाषण निसटते. “माझ्याकडून ऐकावयाचे राहिले,” असे सांगण्यात कमीपणा नाही. ते लपवून गुण देण्यात मात्र आहे. जागतिक स्पर्धेत परीक्षक एकमेकांशी बोलण्यापूर्वी आपापला निर्णय लिहून ठेवतात. इतरांचे मत पाहून आपले मत बनवू नये, हा त्यामागील हेतू आहे. परीक्षक आपापल्या घरी बसलेले असताना तर हा दंडक अधिकच कसोशीने पाळला पाहिजे.

आज बोलणारी मुले उद्या परीक्षकाच्या आसनावर बसतील. स्पर्धेत एक पक्ष हरणारच. परंतु आपले म्हणणे अखेरपर्यंत ऐकले गेले, अशी ज्याची खात्री असते, तो हरलेला वक्ता पुढच्या वर्षी अधिक तयारीने परत येतो. ज्याचे म्हणणे ऐकलेच गेले नाही, तो मात्र गप्प बसावयास शिकतो. ज्या स्पर्धेने मुलांना बोलते करावयाचे, तिनेच त्यांना गप्प बसविणे, ह्याहून मोठी हार दुसरी नाही.