शेजारधर्म

आमच्या सौभाग्यवतींचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त आफ्रिकेत, बोट्स्वाना देशात असतात. गेल्या हिवाळ्यात ते सुट्टीवर आले आणि पहिल्याच जेवणाला त्यांच्या रानातल्या गोष्टी सुरू झाल्या. तिकडे म्हणे आपली मोटार आपणच हाकीत जंगलात शिरायचे, टपावर तंबू उभारायचा, शिडीने वर चढायचे आणि खुशाल झोपायचे! चोबे आणि मोरेमी या रानांतल्या मुक्कामाच्या जागांना कुंपणही नसते. रात्री हत्ती मोटारीला वळसा घालून जातात. बाहेर राहिलेली चप्पल तरस पळवते. आमची मुले हातातला घास हातातच धरून ऐकत होती.

"बाबा, आपल्याकडे नाही असं काही?" धाकट्याने विचारले.

मामापुढे बापाची अब्रू पणाला लागली होती. "नाही कसं? आपल्या घोडबंदरला बिबटे आहेत की!" मी ठोकून दिले.

राष्ट्रीय उद्यानात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून घोडबंदरजवळ, रानाच्या कडेला एका स्नेह्यांची वाडी आहे, ती एका रात्रीसाठी मागून घेतली. मोटारीत दोन तंबू, चार माणसांच्या कुटुंबाला आणि एका पाहुण्याला आठवडाभर पुरतील इतक्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लाडवांचा डबा भरला. वाटेत घोडबंदर रस्त्यावरचे अवजड ट्रेलर पाहून मेहुणे म्हणाले, "भाऊजी, यापेक्षा आमचे सिंह बरे!"

सायंकाळी किल्ला पाहिला. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, हे मी मुलांना ऐटीत सांगितले. समोर खाडी, मागे डोंगर. अंधार पडला तशी माझी ऐट थोडी कमी झाली.

जेवणे आटोपली. दोन भटकी कुत्री आशाळभूतपणे बसली होती. मी दयाळू गृहस्थ. पानांतले उरलेसुरले सारे गवतात भिरकावले. इतक्यात शेजारच्या पाड्यावरच्या मावशी, वाडीची राखण त्याच करतात, बॅटरी घेऊन आल्या.

"साहेब, ते आधी उचला," त्या म्हणाल्या. "खरकट्यामागं कुत्री येतात, कुत्र्यामागं तो येतो. तुम्ही सकाळी घरी जाल. आमची पोरं इथंच निजतात."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला जास्त लागले.

"तिकडेही पहिला धडा हाच," मेहुणे हळूच म्हणाले. "संत्री मोटारीत ठेवायची नाहीत, हत्तीला वास लागतो. अन्न उघड्यावर टाकायचं नाही. तंबू बंद केला की जनावर सहसा वाटेला जात नाही. पण एकदा का ते माणसाच्या अन्नाला चटावलं, की शेवटी गोळी त्यालाच लागते."

मग सहकुटुंब, सहपरिवार गुडघ्यांवर बसून आम्ही बॅटरीच्या उजेडात गवतातून भाताची शिते वेचली. अर्धा तास लागला. चिमाजीअप्पांच्या फौजेनेही त्या मुलखात इतक्या बारकाईने शोध घेतला नसेल!

घरी आल्यावर मी थोडे वाचले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. २०१८ सालच्या कॅमेऱ्यांच्या गणनेत या परिसरात ४७ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात जवळजवळ पाव हिस्सा कुत्र्यांचा असल्याचे अभ्यासकांना दिसले आहे. आणि कुत्री पोसतो तो आपला उकिरडा. २००४ साली या जंगलाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसे गेली. त्यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे बिबट्या पकडून दूर नेऊन सोडणे. पण जुन्नरकडे तसे केल्यावर हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आढळले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. म्हणजे शेजारी बदलून भागत नाही. आपली वागणूक बदलावी लागते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे डोंगराच्या अंगाने, करवतीने लाकूड कापावे तसा आवाज आला. सौभाग्यवतींनी माझा दंड घट्ट धरला. मी तंबूचा खांब धरला. सकाळी मावशींना सांगितले, तर चूल फुंकता फुंकता त्या म्हणाल्या, "तो रोजचाच हाय."

वाचकहो, आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी सह्याद्रीच्या कुशीतले अनेक आदिवासी वाघबारस पाळतात आणि वाघोबाला हात जोडतात. हे कळल्यापासून, यंदा आमच्या दारात गाईच्या रांगोळीशेजारी बिबट्या काढायचा, असे धाकट्याने जाहीर केले आहे.

त्याची एकच अट आहे: बिबट्यापुढे नैवेद्य ठेवायचा नाही.